न दुखणारे दुखणे

(समाजाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यवाहांनी आम्हांस केली, तेव्हा विषयाची निवड त्यांनी आमच्यावरच सोपविली होती. शिक्षक म्हटला की तो शिक्षणावर बोलणार, अशी सर्वांची समजूत असते. आणि गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार नुकताच पार पडल्यामुळे ती अवेळी आहे असेही म्हणता येणार नाही. परंतु गेल्या काही वर्षांत समाजातील ज्या ज्या घरी दुखवट्यास जाण्याचा प्रसंग आला, त्यांपैकी कित्येक घरी एकच वाक्य आमच्या कानी पडले : “काही नव्हते हो त्यांना, अगदी अचानक झाले.” हे ‘अचानक’ खरोखरच अचानक असते काय, याचा विचार आज आपण सर्वांनी मिळून करावा, असे आम्हांस वाटते. आमचा विषय आहे रक्तदाब.

आम्ही डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. मॅट्रिक होऊन अध्यापनाचे शिक्षण घेतलेले व पुढे सारा जन्म खडू-फळ्यापाशी घालविलेले एक सेवानिवृत्त शिक्षक आहोत. तथापि गेली अकरा वर्षे आम्ही स्वतः रोज एक गोळी घेत आहोत, आणि ज्या रोगाशी जन्माची गाठ पडली त्याची नीट ओळख करून घ्यावी, या शिक्षकी खोडीने जे वाचले, डॉक्टरांना विचारले व समजून घेतले, तेच आपणांपुढे मांडीत आहोत. औषध कोणते व किती, हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवावयाचे. त्यांत आम्ही हात घालणार नाही.

आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो, असे आपण म्हणतो. रक्तदाबाची रीत मात्र याच्या नेमकी उलट आहे. हा मुंगीच्या पावलांनी येतो. येताना दाराची कडी वाजवीत नाही. ताप येत नाही, अन्नावरची वासना जात नाही, कामाची शक्ती कमी होत नाही. आणि एकदा घरात शिरला की बहुधा जातही नाही. तो केवळ ताब्यात ठेवावा लागतो. दुखत नाही म्हणून आपण त्यास दुखणे मानीत नाही. आजच्या भाषणातील मुख्य मुद्दा हाच, की हे न दुखणारे दुखणे आहे आणि त्याचे सारे भय या न दुखण्यातच साठविलेले आहे.

रक्तदाब म्हणजे काय, हे आपल्या सोलापुरात समजावून सांगण्यास फार सायास पडू नयेत. मागावर ताणा चढविलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. सूत सैल राहिले तर कापड उतरत नाही आणि प्रमाणाबाहेर ताणले तर ते तुटते. हृदय रक्त ढकलते तेव्हा धमन्यांच्या भिंतींवर असाच एक ताण पडतो. तो मुळीच नसेल तर मेंदूपर्यंत रक्त चढणार नाही, आणि फाजील असेल तर भिंती हळूहळू कठीण व जीर्ण होतात. डॉक्टर दोन आकडे सांगतात. वरचा आकडा हृदय आकुंचन पावते त्या वेळचा, व खालचा ते विसावते त्या वेळचा. १२० व ८० च्या आसपास असणे उत्तम. निरनिराळ्या दिवशी नीट मोजूनही वरचा आकडा १४० वा त्याहून अधिक, अथवा खालचा ९० वा त्याहून अधिक येत राहिला, म्हणजे उच्च रक्तदाब आहे असे समजतात. सूत तुटले तर गाठ मारता येते. मेंदूतील धमनी फुटली वा बंद झाली तर तशी गाठ मारता येत नाही. त्यास आपण पक्षाघात म्हणतो. हृदयविकार, मूत्रपिंडे निकामी होणे, दृष्टी अधू होणे, हीही याच ताणाची फळे होत.

हा ताण मोजण्याचे साधन फार जुने नाही. दंडास पट्टा बांधून दाब मोजण्याची युक्ती इटलीतील रिव्हा-रोची या डॉक्टरांनी १८९६ साली काढली, आणि दंडाच्या धमनीवर नळी ठेवून तिच्या आवाजावरून दोन्ही आकडे ओळखण्याची रीत रशियातील कोरोत्कोव्ह यांनी १९०५ साली दाखविली. मोजता येऊ लागले, परंतु मोजून करावयाचे काय, हे पुढे पुष्कळ वर्षे कोणास ठाऊक नव्हते. किंबहुना वयाबरोबर दाब वाढावयाचाच, तो शरीरास आवश्यकच असतो, असे मोठमोठे डॉक्टरही समजत.

याचे एक उदाहरण जगाच्या इतिहासात नमूद आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जगातील अत्यंत बलाढ्य पुरुषांपैकी एक होते. पाहिजे तो डॉक्टर त्यांच्या दाराशी उभा होता. १९४४ च्या मार्चमध्ये त्यांचा रक्तदाब १८६ व १०८ भरला. खाण्यापिण्यात पथ्य आणि विश्रांती यांपलीकडे त्या काळी फारसा इलाज नव्हता. १२ एप्रिल १९४५ रोजी डोके भयंकर दुखत असल्याचे सांगून ते कोसळले. त्या वेळी मोजलेला दाब ३०० व १९० होता. काही तासांतच मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा अंत झाला. वय अवघे ६३. ज्यांच्या शब्दासरशी आरमारे हलत, त्यांच्या डॉक्टरांपाशी या रोगावर कामास येईल अशी एक साधी गोळी नव्हती. ती आज आपल्या गल्लीतील औषधाच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळते. ती घेण्याचा कंटाळा करणाऱ्याने रूझवेल्टांचे अवश्य स्मरण करावे.

या गोळीच्या कथेत आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे, हे सांगताना आम्हांस अभिमान वाटतो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्याकडील जुन्या वनस्पतीचा रक्तदाबाच्या रोग्यांवर पद्धतशीर प्रयोग केला व त्याचा वृत्तान्त १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. जगाचे डोळे त्या मुळीकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून रेझर्पिन हे द्रव्य वेगळे काढले, आणि १९५७ साली डॉ. वकील यांस अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. पुढे अधिक चांगली व कमी त्रासाची औषधे आली आणि सर्पगंधा मागे पडली. तिच्यामुळे काही रोग्यांस उदासीनता येते असेही आढळले. तेव्हा हे ऐकून कोणी घरी सर्पगंधेचे चूर्ण आणून खावयास लागू नये, अशी आमची हात जोडून विनंती आहे.

आता प्रश्न असा, की रोग मोजता येतो, औषध आहे, ते स्वस्तही आहे. मग माणसे का जातात? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे जगात तीस ते एकोणऐंशी या वयाची सुमारे १३० कोटी माणसे उच्च रक्तदाबाची आहेत. त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना तो आहे याचा पत्ताच नाही, आणि ज्यांचा दाब खरोखर ताब्यात आहे अशी माणसे पाचात एक. आपल्या देशात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरील पुरुषांत शेकडा २४ व स्त्रियांत शेकडा २१ जणांचा दाब अधिक आढळला किंवा ते त्यावर औषध घेत होते. म्हणजे या सभागृहात पाचशे मंडळी बसली असतील, तर त्यांत शंभराहून अधिक जणांचा हा प्रश्न आहे. त्यांतील कित्येकांस तो आहे हे ठाऊक नाही. आणि ज्यांस ठाऊक आहे, त्यांतील कित्येकांनी गोळी मध्येच सोडलेली आहे.

या सोडण्याविषयीच आम्हांस अधिक बोलावयाचे आहे. आमचे एक सहशिक्षक होते. आम्हांहून दोन वर्षांनी धाकटे. मराठी व्याकरणावर त्यांची हुकमत अशी, की तालुक्यातील शिक्षक शंका घेऊन त्यांच्याकडे येत. निवृत्तीपूर्वीच त्यांचा रक्तदाब वाढल्याचे आढळले व गोळी सुरू झाली. सहा महिन्यांनी दाब १२८ भरला. ते आनंदाने आम्हांस म्हणाले, “सर, आता अगदी प्रमाणात आला. बरा झालो. उगाच औषध पोटात का घालावे?” आणि गोळी बंद झाली. त्यानंतर आठ महिने त्यांस काहीही झाले नाही. चालणे-बोलणे, खाणे-पिणे सारे यथास्थित. नवव्या महिन्यात एके सकाळी अंगणातील तुळशीस पाणी घालताना तांब्या हातातून गळला. उजवे अंग गेले, वाचा गेली. ज्यांनी पस्तीस वर्षे मुलांना शब्दांच्या जाती शिकविल्या, त्यांना तहान लागली असता ‘पाणी’ हा शब्द सापडेना. तशा स्थितीत ते तीन वर्षे होते. त्यांच्या पत्नीने त्यांस लहान मुलाप्रमाणे भरविले. धाकट्या मुलाने पुण्यातील नोकरी सोडून इकडे काम धरले. एका माणसाची गोळी सुटली आणि तीन माणसांचे आयुष्य बदलून गेले.

ज्ञातिबंधूंनो, ‘बरा झालो’ आणि ‘ताब्यात आला’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे. आपण चष्मा लावतो व वर्तमानपत्र स्वच्छ वाचता येऊ लागते. म्हणून डोळे बरे झाले असे मानून कोणी चष्मा पेटीत ठेवून देत नाही. अक्षरे दिसतात ती चष्मा डोळ्यांवर आहे म्हणून. त्याचप्रमाणे दाब प्रमाणात आला तो गोळी पोटात आहे म्हणून. ती सोडली की काही दिवसांत वा आठवड्यांत दाब पुन्हा चढतो. आणि तो चढल्याचे कळत नाही, कारण तो दुखत नाही. वजन पुष्कळ उतरले, खाण्यापिण्यात पालट झाला, तर डॉक्टर कधी गोळी कमी करतात, क्वचित बंदही करतात. पण तो निर्णय मोजमाप पाहून त्यांनी करावयाचा असतो.

लोक गोळी का सोडतात, याची कारणे आम्ही अनेकांकडून ऐकली आहेत. पहिले कारण, ‘सवय लागते.’ अफूची सवय लागते तशी या गोळीची लागत नाही. गरज रोगाची असते. दुसरे, ‘मूत्रपिंडे बिघडतात.’ मूत्रपिंडे बिघडविण्याचे काम प्रायः चढलेला रक्तदाबच करतो, व गोळी त्यांचे रक्षण करते. मात्र काही औषधांवर असताना वर्षातून एकदोनदा रक्त तपासावे लागते, ते डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे करावे. तिसरे, ‘त्रास होतो.’ हे कधी कधी खरे असते. अॅम्लोडिपिनने काहींच्या पावलांस सूज येते, दुसऱ्या एका जातीच्या गोळीने कोरडा खोकला येतो. अशा वेळी गोळी टाकून न देता डॉक्टरांना सांगावे. औषधांचे प्रकार अनेक आहेत, एक न मानवले तर दुसरे देता येते. चौथे कारण उपवासाचे. आषाढी-कार्तिकीला, श्रावणात, नवरात्रात कित्येक भगिनी गोळीही घेत नाहीत. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. आपण वारकऱ्यांच्या सहवासात वाढलो. घोटभर पाण्याबरोबर घेतलेल्या गोळीने विठोबा रागावणार नाही, याविषयी आम्ही निश्चिंत आहोत. वारीस निघताना झोळीत गोळ्यांची पाकिटे दिवस मोजून घ्यावीत. आणि एखादे दिवशी विसर पडलाच, तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेऊ नयेत. नेहमीचीच एक घ्यावी.

गोळी न सुटण्याची व्यवस्था लावता येते, हे आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात दिसून आले आहे. २०१७ साली केंद्र सरकार, भारतीय वैद्यक संशोधन परिषद व जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून ‘भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम’ सुरू केला. महाराष्ट्रात आरंभी सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा हे जिल्हे त्यात घेतले होते. त्या उपक्रमात नवे औषध शोधलेले नव्हते, की मोठी यंत्रे आणलेली नव्हती. दवाखान्यात कोणत्याही कारणाने येणाऱ्या प्रौढ माणसाचा दाब मोजावयाचा; ठरलेल्या दोनतीन औषधांचा एक साधा क्रम सर्वांनी पाळावयाचा; औषध महिनाभराचे एकदम व होईल तितके घराजवळ द्यावयाचे; प्रत्येकाची नोंद ठेवावयाची; आणि जो ठरल्या दिवशी आला नाही, त्याची फोनने वा घरी जाऊन विचारपूस करावयाची. एवढ्याच गोष्टी नेमाने केल्या. पुढे हा उपक्रम अनेक राज्यांत पसरला व २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या पुरस्काराने त्याचा गौरव झाला. आम्ही हे वाचले तेव्हा आम्हांस आपल्या वर्गातील हजेरीपटाची आठवण झाली. मुलगा गैरहजर राहिला की निरोप धाडावयाचा, चार दिवस राहिला की घरी जावयाचे. ज्या शाळेत हजेरीपट नीट चालतो, तेथील मुले टिकतात. रक्तदाबाचीही गोष्ट तशीच आहे.

आता आहाराकडे वळू. खाल्ल्या मिठाला जागावे, अशी आपली शिकवण. शरीर मात्र खाल्ल्या मिठाला गरजेहून अधिक जागते : मीठ वाढले की ते अंगात पाणी धरून ठेवते आणि दाब चढतो. एका प्रौढ माणसाने दिवसाकाठी पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्यापेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आता हा हिशेब घरात मांडा. चार प्रौढ माणसांना दिवसाचे वीस ग्रॅम. म्हणजे एक किलोची पिशवी पन्नास दिवस पुरली पाहिजे. आपल्या घरी ती किती दिवस पुरते, हे गृहिणींनी पिशवीवर तारीख घालून पाहावे. शिवाय फरसाण, पाव, बिस्किटे यांतून पोटात जाणारे मीठ या हिशेबात धरलेलेच नाही.

सोलापुरी जेवणात एक मोठी सोय अशी, की ज्वारीच्या भाकरीत मीठ घालीत नाहीत. कडक भाकरी खुशाल खावी. खरे मीठ तिच्या शेजारी बसलेले असते : शेंगाचटणी, ठेचा, लोणचे, पापड, सांडगे. शेंगाचटणी सोडा असे सांगण्याचे धैर्य सोलापुरात राहून आम्हांस होणार नाही. पण ती घरी कुटावी, मीठ निम्मे घालावे, आणि एका जेवणात चटणी, लोणचे व पापड या तिघांना एकदम पंक्तीस बसवू नये. पानावर वरून मीठ वाढण्याची चाल तर बंदच करावी. जिभेला काही आठवड्यांत कमी मिठाची गोडी लागते. पालेभाज्या, फळे, डाळी वाढवाव्यात. सांगोल्याचे डाळिंब अवश्य खावे. फक्त गोळीऐवजी नव्हे, गोळी घेऊन.

मिठाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ज्या चीनमध्ये आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी सैनिकांची शुश्रूषा करीत १९४२ साली देह ठेवला, त्या देशाच्या उत्तर भागातील ६०० खेड्यांत एक मोठा प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. जवळजवळ एकवीस हजार माणसे त्यात होती. प्रायः पूर्वी पक्षाघात झालेली, किंवा साठीपुढची व रक्तदाब असलेली. निम्म्या खेड्यांत नेहमीचे मीठ चालू ठेवले, निम्म्यांत चौथा हिस्सा पोटॅशियमचे मीठ मिसळून दिले. सुमारे पाच वर्षांत दुसऱ्या गटात पक्षाघाताचे प्रमाण शेकडा १४ ने कमी भरले. असे मीठ आपल्याकडेही मिळते. परंतु ज्यांची मूत्रपिंडे अधू आहेत, किंवा जे टेल्मिसार्टनसारखी गोळी घेतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून ते वापरू नये; त्यांच्या रक्तात पोटॅशियम धोकादायक प्रमाणात साठू शकते.

आपल्या समाजात मागावर काम करणारी, दुकानात दिवसभर बसणारी व विड्या वळणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी तीन गोष्टी विशेष सांगावयाच्या. एक, रात्रपाळीनंतर अंग दुखते म्हणून दुकानातून आणून घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या, वारंवार घेतल्याने रक्तदाब चढतो व मूत्रपिंडास इजा होते. दुसरी, तंबाखू, विडी व मिश्री. पुरुषांच्या विडीवर सारे बोलतात. भगिनींच्या मिश्रीवर कोणी बोलत नाही. धमन्यांस मात्र स्त्री-पुरुष हा भेद ठाऊक नाही. मद्याचेही तेच. तिसरी, आपला उन्हाळा. पारा ४२-४३ वर जातो तेव्हा घाम फार जातो, आणि लघवी वाढविणारी गोळी घेणाऱ्यास उभे राहताच भोवळ येऊ शकते. तसे झाले तर बसावे, पाणी प्यावे, दाब मोजून डॉक्टरांना दाखवावे. उन्हाळा आला म्हणून परस्पर गोळी बंद करू नये. बसून काम करणाऱ्यांनी आठवड्यातून निदान दीडशे मिनिटे झपाझप चालावे. पहाटे सिद्धेश्वर तलावाच्या काठाने चालण्यास कोणी तिकीट मागत नाही.

तरुण सुनांविषयी एक शब्द. गरोदरपणात चढणारा रक्तदाब हा आई व बाळ दोघांच्याही जिवाशी खेळ असतो. डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहरा व हात सुजणे, असे काही दिसताच तत्काळ रुग्णालय गाठावे. रक्तदाबावर काही गोळ्या अशा आहेत, टेल्मिसार्टन त्यांतलीच, की ज्या गरोदरपणात चालत नाहीत. म्हणून आधीपासून गोळी चालू असेल त्या मुलीने दिवस राहण्याचा विचार असतानाच डॉक्टरांना सांगावे. घरातील सासूने सुनेचा दाब मोजला गेला की नाही, याची चौकशी आपण होऊन करावी.

मोजण्याचीही एक रीत आहे. जिना चढून आल्याबरोबर मोजलेला आकडा खरा नव्हे. आधी अर्धा तास चहा व तंबाखू नको. लघवी करून यावे. पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे. दंड उघडा व हृदयाच्या उंचीवर टेकलेला असावा. पट्टा दंडाच्या मापाचा असावा. मोजताना बोलू नये. एकदोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे व तारखेसह वहीत लिहावे. तीस वर्षांपुढील प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी मोजून घ्यावेच. सरकारी आरोग्य केंद्रांत ही तपासणी विनामूल्य होते आणि जनऔषधी केंद्रांत गोळ्या अल्प किमतीत मिळतात. दारिद्र्याची सबब येथे पुरत नाही.

इतके करूनही प्रसंग आलाच, तर तो ओळखता यावा. तोंड एका बाजूस वाकडे झाले, एक हात वर उचलता येईना, बोलणे अडखळू लागले, यांपैकी एकही दिसले की पक्षाघात समजावा. तोंडात पाणी, दूध वा औषध घालू नये, घशात अडकते. जिभेखाली गोळी ठेवून दाब एकदम उतरविण्याचा उद्योग करू नये. मालिश, झाडपाला, अंगारा यांत वेळ दवडू नये. १०८ क्रमांकास फोन करून, जेथे मेंदूचा स्कॅन होतो अशा रुग्णालयात न्यावे. लक्षण कधी दिसले ती वेळ कागदावर लिहून घ्यावी, कारण रक्ताची गाठ विरघळविणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. पहिला फोन आपण बहुधा नातेवाईकांना करतो; तो दुसरा असावा.

आता शेवटी समाजापुढे एक सूचना ठेवतो. आपले वधूवर सूचक मंडळ आहे, शिष्यवृत्ती निधी आहे, भांडी-सतरंज्यांचा साठा आहे. कोणाची सतरंजी परत आली नाही तर कार्यवाह घरी निरोप धाडतात. त्याच कार्यालयात दाब मोजण्याचे एक चांगले यंत्र, लहान-मोठ्या मापांच्या पट्ट्यांसह, ठेवावे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी समाजातील डॉक्टर व परिचारिका भगिनींनी दोन तास द्यावेत. ज्यांची संमती असेल त्यांची नावे एका वहीत घालावीत, आणि ती वही चव्हाट्यावर न ठेवता कुलुपात ठेवावी. जो दोन महिने आला नाही, त्याच्या घरी कोणीतरी जाऊन ‘गोळी चालू आहे ना?’ एवढेच विचारावे. औषध लिहून देण्याचे काम या वहीचे नव्हे. ते ज्याचे त्याच्या डॉक्टरांचे. वही केवळ विचारपूस करील. एवढ्याने काय होणार, असे कोणी म्हणेल. तर वरचा आकडा दहाने उतरला तरी पक्षाघाताचा धोका सुमारे चतुर्थांशाने घटतो, असे अनेक प्रयोगांच्या एकत्रित अभ्यासातून दिसून आले आहे. हजेरीपट सांभाळण्याचे काम आम्ही आयुष्यभर केले आहे. समाजाने ही वही आमच्याकडे सोपविली तर शरीर साथ देईल तोवर ती आम्ही आनंदाने सांभाळू.

आज घरी गेल्यावर प्रत्येकाने एकच करावे. जेवणाच्या पानावर बसण्यापूर्वी आई-वडिलांना, पतीस, पत्नीस विचारावे : “शेवटचा दाब केव्हा मोजला? आजची गोळी घेतली का?” पूर्वी गिरणीचा भोंगा झाला की साऱ्या सोलापुरास वेळ कळे, कोणास घड्याळ पाहावे लागत नसे. आता तो भोंगा राहिला नाही. तेव्हा घरातील एकाने दुसऱ्याचा भोंगा व्हावे, हे उत्तम.

 यंत्र बाहेरच्या दालनात मांडून ठेवले आहे. भोजनास जाण्यापूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसून दंड पुढे करावा.